माउच्या जखमेवर काढा

नामचीच्या खालच्या उतारावर कौशिला बस्नेतचं आल्याचं शेत आहे. तिला गावात कुणी गरीब गाय म्हणत नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. नवरा गेल्यावर थोरल्या दिरापुढे मान खाली घालून वावरायचा रिवाज तिने पाळला, पण एकाच पावसाळ्यापुरता.

कोंब रुजून पानं वर आली की बियाण्याचं जुनं आलं हळूच उकरून बाजारात न्यायचं, ही तिकडची रीत. त्या जुन्या आल्याला म्हणतात माउ, म्हणजे आई. आई विकायची, लेकरू जमिनीत वाढवायचं. पण आई तोडली तिथे जखम उरते, आणि पावसात बुरशी तिथूनच शिरते. त्या वर्षी सगळ्या उताराला कुजका वास सुटला.

दीर दलबहादूरने राज्याच्या सीमेपलीकडून, सिलिगुडीहून, बुरशीवरच्या औषधाची बाटली आणली, तांदळाच्या पोत्यात लपवून. राज्यात शेती फक्त सेंद्रिय, असल्या रासायनिक औषधांना बंदी.

"हे मार. पीक गेलं तर तिहारचे दिवे विझले, दिवाळी सरली, की शेत मी कसेन," त्याने बजावलं.

"जखम आपण करायची आणि औषध सिलिगुडीत शोधायचं? न्या ती बाटली, भावजी."

"मग काय, तितेपाती उकळणार? अगं, त्या पाल्याने भुतं झाडतात!"

"भूतच झाडते म्हणा. ज्याला हसायचं त्याने हसावं."

तितेपातीचा कडू पाला आणि अडुळसा तिने मोठ्या डेगीत उकळला, गाळला, आणि माउ काढलेल्या एकेका खाचेत ओतून वर माती लोटली. तरी खालच्या वाफ्यातली पानं पिवळी पडलीच. गावाने तोंडसुख घेतलं. कौशिलाला रडू आलं, ते रागाचं. रडत रडतच तिने ती रोपं मुळासकट उपटून जाळली आणि वरच्या वाफ्यांसाठी पुन्हा डेग चढवली. पाऊस सरेपर्यंत तिची चूल थंड झाली नाही.

तिहार उरकताच दलबहादूर कुदळ खांद्यावर टाकून आला, शेत ताब्यात घ्यायला. वरच्या वाफ्यात त्याने घाव घातला. गड्डा काढला, मोडला, हुंगला. दुसरा काढला. मग पुढे खणत गेला. कुठे मऊ लागेना, की वास येईना.

"नशीब तुझं," तो शेवटी पुटपुटला.

"नशीब? ते मी पावसाळाभर चुलीवर उकळलंय, भावजी," कौशिला त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "आता कुदळ आणलीच आहे, तर उरलेला वाफाही खणून द्या."