थर्मनने बिघडवलेला पियानो

थर्मन स्ट्रोबलइतका सरळ माणूस आमच्या कोटर्स लँडिंग गावात दुसरा नव्हता, आणि इतका सरळ माणूस शेजारी असणं हे काही फार सुखाचं नसतं. भिंतीवरची तसबीर बोटभर कलली असली तरी बोलता बोलता उठून तो ती सारखी करायचा. मिसूरी नदीकाठच्या सात गावांतले चर्चचे पियानो तो सुरात लावत असे. लग्न केलं नाही. त्याची आईच म्हणायची, "बरं झालं. बायको घोरायला लागली असती, तर याने तिलाही सुरात लावायला घेतलं असतं."

माझ्या बारमध्ये मात्र त्याने वीस वर्षांत पुढच्या दाराने पाऊल टाकलं नव्हतं. शुक्रवारी आमच्याकडे तळलेला कॅटफिश असतो, तो न्यायलासुद्धा मागच्या दाराने यायचा, टोपी कानांवर ओढून. कारण पुढे मिस लॉटी ग्रुबर पियानो वाजवत असायची.

तो पियानो माझ्या सासऱ्यांनी एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एक होऊन वाजाव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या पियानोत त्या तीन जावा एकदम बोलाव्यात तशा वाजायच्या. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, झिजून दगडासारखा झालेला, त्यामुळे नुसता खणखणाट. पण त्या खणखणाटावर शेतकरी, रेल्वेवाले, विधवा, सगळे टाचा आपटत नाचायचे. मिस लॉटी दोन नवरे पोचवून आली होती, तरी सगळे तिला मिस लॉटीच म्हणत. कुणी फर्माईश केली तर ती ढुंकून बघायची नाही. मी म्हणायचे, "केवढी ही मिजास!"

छप्पन साली वसंतात मी रंगकामासाठी बार आठवडाभर बंद ठेवला. मिस लॉटी सेंट लुईसला बहिणीकडे गेली होती. दुसऱ्याच दिवशी थर्मन मागच्या दारात हजर.

"बर्निस, एवढा आठवडा तो पियानो माझ्या हवाली कर. पुढच्या शुक्रवारी मिस लॉटीला सत्तरावं लागतंय. उरलेली वर्षं तरी तिने सुरात वाजवावं."

"तुझ्या कानांना त्रास होतो म्हणून की तिच्यासाठी?"

"दोन्ही," तो म्हणाला. खोटं त्याला बोलता येतच नसे.

मला कल्पना आवडली. मी केकसुद्धा सांगितला. थर्मनने सहा दिवस खपून नव्या तारा ओढल्या, हातोड्यांना नवा मऊ नमदा चढवला, आणि शेवटी एकेक सूर असा लावला की ऐकताना मला उगीचच केस नीट करावेसे वाटले.

शुक्रवारी बार गच्च भरला. मिस लॉटी आली, हातमोजे काढले, वाजवायला बसली. अर्ध्यातच थांबली. पुन्हा सुरुवात केली, या वेळी जोरात, जवळजवळ मुठी आपटत. मग तिने झाकण लावलं आणि हॅट उचलली.

"छान झालाय," ती म्हणाली आणि केक न खाता गेली.

"बर्निस, आता मासे खायचे की प्रार्थना म्हणायची?" रेल्वेतला डच विंकलर ओरडला आणि सगळे हसले. मागच्या दारात थर्मन उभा होता. तो हसला नाही.

पुढच्या शुक्रवारी मिस लॉटी आली नाही. बोटं आखडलीत, म्हणाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. दाण्या-वैरणीच्या दुकानाच्या माडीवर ती एकटी राहायची. आठवड्यातून एक दिवस माणसांत यायची, तो हा शुक्रवार. तोही आम्ही दोघांनी मिळून काढून घेतला होता, आणि तेही वाढदिवसाची भेट म्हणून! करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"मी नीट केला, आता मीच बिघडवतो," थर्मन म्हणाला.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. आधी त्याने सगळ्या तारा सैल सोडल्या. फडताळ कोसळून भांडी पडावीत तसा आवाज निघाला.

"अरे, हा वाईट झाला," मी म्हटलं. "तो वाईट नव्हता."

"मग कसा होता?"

"मला काय विचारतोस? वीस वर्षं कान झाकून तूच पळत होतास!"

हे त्याला लागलं. मग तो रीतसर कामाला लागला. तिघींपैकी मधली तार अचूक ठेवायची आणि शेजारची केसभर चढवायची. की सूर थरथरतो, पाण्यावर लहर उठावी तसा. मनगटावरचं घड्याळ समोर धरून तो त्या लहरी मोजायचा, कुठे सेकंदाला दोन, कुठे तीन. आयुष्यभर ज्या लहरी त्याने मारल्या, त्याच आता एकेक करून जन्माला घालत होता. दुपारी ऐकून डच म्हणाला, "आला बघ, जुना आवाज परत आला!"

मी स्वतः जाऊन मिस लॉटीला घेऊन आले. तिने चार ओळी वाजवल्या आणि मान हलवली.

"नाही."

"काय कमी आहे, मिस लॉटी?" थर्मनने विचारलं.

"लांब आहे रे. पलीकडच्या घरात कुणी वाजवावा तसा."

तो पियानोच्या मागे गेला आणि पुन्हा तारांशी खटपट करू लागला. ती पुढे बसून पट्ट्यांवरून नुसतीच बोटं फिरवत होती. तेवढ्यात त्याच्या हातून तारा पिळायची लोखंडी किल्ली निसटून फरशीवर पडली. मी आत स्वयंपाकघरात होते, तरी दचकून माझ्या हातातलं पीठ सांडलं. डोकावून पाहिलं तर मिस लॉटी तशीच बसलेली, साधी पापणीही हलली नव्हती.

थर्मनने ते पाहिलं. तिच्या पाठीशी येऊन तो हळूच म्हणाला, "मिस लॉटी, तुमच्या हॅटला आग लागली."

ती पट्ट्यांवरची धूळ पुसत राहिली.

मग तो पुढे आला, तिच्या समोर वाकला आणि म्हणाला, "कॉफी घेणार?"

"घेईन की," ती म्हणाली. त्याच्या ओठांवर तिची नजर होती.

थर्मन आत येऊन बटाट्याच्या पोत्यावर बसला. एवढा पडेल चेहरा मी त्याच्या आईच्या दफनालाही पाहिला नव्हता.

"बर्निस, तिला ऐकू येत नाही. जवळजवळ काहीच नाही. तो कडक खणखणाट तेवढा तिच्यापर्यंत पोचत होता, आणि मी त्यावर मऊ नमदा चढवला."

तिला फर्माईश ऐकूच यायची नाही आणि मी तिला मिजासखोर ठरवून मोकळी झाले होते. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

"तिला विचारू या का?"

"मुळीच नाही. तिने सांगितलं नाही, म्हणजे आपल्याला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून चपट्या डोक्याच्या पितळी पिनांचे डबे आणले आणि स्वतःच्या हाताने चढवलेल्या त्या नव्या नमद्यात, प्रत्येक हातोड्याच्या टोकावर, एकेक पीन दाबून बसवली. पीन टोचताना दर वेळी तो ओठ चावत होता. आता नमद्याऐवजी पितळ तारेवर आपटत होतं. मग त्याने मिस लॉटीला बसवलं आणि तिचा डावा तळवा पियानोच्या लाकडावर ठेवला.

"मी एकेक सूर वाजवतो. जवळ आला की मान हलवा."

दोन दिवस हे चाललं. लोकांना काय आवडेल हे त्याने विचारलंच नाही. तार चढवायची, वाजवायची, तिच्याकडे बघायचं. ती डोळे मिटून बसायची. कधी एका सुराला अर्धा तास लागायचा. खालच्या एका सुराला तिने अशी झटकन मान हलवली की थर्मनला हसू फुटलं. "हा तर भयंकर आहे, मिस लॉटी!" तो तिच्या समोर येऊन म्हणाला.

"मग? भयंकरच होता तो!" ती म्हणाली. "राहू दे तसाच."

त्या शुक्रवारी तिने वाजवलं. डच विंकलर नाचता नाचता टेबलावर पडला, दोन बशा फुटल्या, आणि मी भरपाई मागितली नाही. थर्मन पुढच्या दाराने आला, भिंतीला टेकून उभा राहिला, दात आवळून, पण शेवटपर्यंत.

नव्या तारा लावलेल्या सुरावर टिकत नाहीत. बिघाडही ठरलेल्या मापाने टिकवावा लागतो. म्हणून दर शुक्रवारी दुपारी तो यायचा आणि दोन तास बसून पियानो हवा तेवढा बेसूर करायचा. संध्याकाळी मिस लॉटी बसायच्या आधी त्याच्याकडे वळून विचारायची, "कसा आहे?" तो म्हणायचा, "जवळ आहे." मग ती वाजवायला घ्यायची.

साठ साल उजाडेपर्यंत तिचं उरलंसुरलं ऐकणंही गेलं. अगदी जवळ मालगाडीची शिट्टी झाली तरी तिला कळत नसे. पण बोटांना सगळं ठाऊक होतं आणि ती वाजवत राहिली. एका दुपारी थर्मनला संधिवाताने वाकलेल्या हातांनी किल्ली फिरवताना पाहून मला राहवलं नाही.

"अरे, आता पुरे कर. लोकांना एवढा बारीक फरक कळत नाही. तिला तर काहीच ऐकू येत नाही. कुणासाठी हात मोडून घेतोस?"

त्याने घड्याळावरून नजर काढली नाही. लहरी मोजून झाल्यावर मग म्हणाला,

"संध्याकाळी ती मला विचारते ना, कसा आहे म्हणून? माझ्या तोंडाकडे बघून विचारते, बर्निस. खोटं बोललो तर तिला दिसेल."