स्थळपाहणीत कचरा आढळला नाही

सोमवारी शहापूरकडच्या एका कारखान्याचा ट्रक मुरबाड तालुक्यातील आमच्या बांधावर प्लास्टिकच्या चिंध्यांचा ढीग ओतून गेला. बुधवारी मी लेखी तक्रार दिली. शनिवारी शेतात आग लागली नाही, लावली गेली. पुढच्या गुरुवारी कुसुमवहिनी गेल्या. जबाबदार व्यक्ती क्रमाने अशा : कारखान्याचा ठेकेदार, 'हद्द आमची नाही' म्हणून एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन तालुक्यांतील कार्यालये, आणि काडी लावणारा मी, त्यांचा धाकटा दीर.

वहिनींनी हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवले. भौतिक आणि रासायनिक बदल हा त्यांचा लाडका पाठ. त्यासाठी त्या सरकारी कचेऱ्यांत मी सतत करत असलेल्या अर्जांच्या जादा प्रती नेत. एक फाडत, एक जाळत. घरी येऊन मला चिडवत, "भावजी, फाडलेला अर्ज चिकटवून परत हापिसात नेता येल. जाळलेला नाय. पन तो नाहीसा झाला, असं पोरांनी लिवलं तं मी मार्क देत नाय. धूर झाला, राख झाली... हाय तो कुठंतरी."

"हे हापिसात कोणी मानत नाही, वहिनी."

"मग धाडा त्यांना माझ्या सातवीत."

भातपेरणीआधी रोपांच्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, ही आमची राब भाजण्याची रीत. यंदा पाला कमी पडला. अखेर राखच व्हायची, मग पाला काय आणि चिंध्या काय, असे मला वाटले... कायद्याची कलमे तोंडपाठ असलेल्या मला. तो अख्खा ढीग मी राबावर पसरून पेटवला. वहिनींना दमा होता, आणि वारा त्यांच्या घराकडे. काळा धूर पाहून त्या पाण्याची कळशी घेऊन धावत आल्या. "भावजी, ह्यो पाला नाय. इझवा आधी." आग विझली तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. धुराने फुप्फुसे निकामी झाली, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या तक्रारीचे उत्तर आले : स्थळपाहणीत कचरा आढळला नाही, सबब प्रकरण निकाली. कोणाकडे अपील करावे, हे मला आयुष्यात प्रथमच सुचत नाही. माझा गुन्हा मी वर स्वतःच नोंदवला आहे. त्या पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आता आमच्या गावासमोर उभे राहून सांगावे, तो ढीग गेला कुठे.