माठाखालची बाटली

रोज सकाळी पूजा आटोपली की नीलम्मा आत्या कोरा चहा करायची. दूध नाही, साखर नाही. पहिला घोट ती लगेच गिळायची नाही. तोंडात धरून खिडकीबाहेर बघत राहायची. जीभ आवळली, हिरड्या कोरड्या पडल्या की मान हलवायची, दारात कुणी ओळखीचं दिसल्यासारखी. मग उरलेल्या चहात दूध-साखर घालून तो इतरांसारखा पिऊन टाकायची.

तो घोट तिच्या नोकरीचा भाग होता. लातूरच्या एका खासगी संस्थेत ती हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना टेबलावर वाढायला शिकवायची, आणि त्या अभ्यासक्रमात फ्रान्समधले लोक रोजच्या जेवणासोबत घेतात त्या साध्या वाइन होत्या. आत्या उदगीरच्या लिंगायत घरातली, गळ्यात लिंग. वाइनचा थेंब तिने कधी जिभेला लावला नव्हता आणि लावणारही नव्हती. म्हणून ती स्वयंपाकघरातले डबे घेऊन वर्गात जायची. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून तांबड्या वाइनमध्ये जीभ आवळणारं जे तुरट टॅनिन उतरतं, ते म्हणजे कोरा चहा. सिरा नावाच्या द्राक्षाला मिऱ्याचा वास असतो, म्हणून मिरे कुटून मुलांच्या नाकाशी धरायचे. सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन म्हणजे नुकती चिरलेली कैरी. समुद्राकाठची पांढरी मस्कादे माशासोबत देतात, कारण ती लिंबासारखं काम करते. गामे या द्राक्षाची बोजोले हलकी आणि रसाळ. तिच्यासाठी आत्याला काही सापडेना, मग तिने जांभळं आणली. मुलांनी जांभळं खाऊन टाकली आणि पुढच्या परीक्षेत बोजोलेवर सगळ्यांनी बरोबर लिहिलं.

"मॅडम, तुमच्या घरी वाइनचा वास येत असंल," मुलं चिडवायची.

"येतो की. फोडणीचा," आत्या म्हणायची.

त्या मुलांमध्ये एक होती शिरूर अनंतपाळची करिश्मा. तिचे वडील ग्यानोबा यांचं स्टँडसमोर चहा-भज्यांचं हॉटेल. मुलीला प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर वाढपाची नोकरी करायची होती आणि त्यासाठी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्याच फेरीत पास होणं गरजेचं होतं. ग्यानोबांनी लेकीला तेवढीच मुभा दिली होती. पास झाली तर बोटीवर. नाही झाली तर गल्ल्यावर. पुन्हा परीक्षा वगैरे नाही. लोक काय म्हणतील ते त्यांनी आधीच ऐकून घेतलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते स्वतः आत्याला भेटायला आले. मी त्या वेळी आत्याकडे राहून शिकत होते. पाणी मीच नेऊन दिलं.

"मॅडम, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा, भाऊ."

"तुम्ही ती चाखलीच न्हाई म्हनं. मग शिकवता कसं?"

"तुम्हाला शुगर हाय ना?"

"हाय की. लई वर्षं झाली."

"तरी गिऱ्हाइकाच्या चहात साखर बरोबर पडतीच की."

ग्यानोबा हसले, पण पूर्ण नाही. "माझी चूक झाली तर गिऱ्हाईक कप ठिवून जातं. हितं पोरीचं साल जाईल."

ते गेल्यावर आत्या वाइनचं पुस्तक पुन्हा उघडून बसली.

परीक्षेसाठी संस्थेने हैदराबादहून खरी फ्रेंच वाइन मागवली होती, एकच बाटली. कोत द्यू रोन; ग्रनाश आणि सिरा ही दोन द्राक्षं मिसळून केलेली, रोजच्या जेवणातली तांबडी. ती करिश्माच्या वाट्याला आली होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की पांढरी थंड करावी आणि तांबडी खोलीच्या तापमानाला द्यावी. म्हणून पांढरीच्या नावाखाली आणलेला द्राक्षाचा रस आत्याने फ्रिजमध्ये ठेवायला लावला आणि तांबडी बाटली नियमाप्रमाणे वर्गातल्या कपाटावर ठेवली. वर पत्रे, महिना मेचा.

परीक्षेच्या सकाळी तिने बाटलीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी ती ऊन लागत होती.

"करिश्मा," आत्या हळू आवाजात म्हणाली, "पुस्तकातली खोली लातूरची न्हाई गं."

फ्रिजकडे जाऊन उपयोग नव्हता. पहाटेपासून लाइट गेलेली. परीक्षक नांदेडहून निघाले होते. करिश्माचा चेहरा उतरला. गरम वाइन म्हणजे नुसता दारूचा भपका, हे आत्यानेच शिकवलं होतं.

व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा माठ होता, खाली पसरट टोपल्यात वाळू. माठ रात्रंदिवस पाझरायचा आणि वाळू कायम गार असायची. आत्याने पदर खोचला, वाळूत हाताने खळगा केला आणि बाटली मानेपर्यंत पुरली. मानेला ओलं फडकं गुंडाळलं. व्हरांड्यातून गरम वारं वाहत होतं. फडकं वाळेल तसं पुन्हा भिजवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आणि करिश्माचा नंबर शेवटी टाकला. तेवढ्यात डबा घेऊन ग्यानोबा आले. व्हरांड्यात माठापाशी बसलेल्या मॅडमना बघून त्यांनी डबा खाली ठेवला आणि फडकं मॅडमच्या हातातून घेतलं. "द्या हिकडं. दुधाच्या पिशव्या मी आसंच राखतो."

परीक्षकांसमोर करिश्माने बाटली नेली तेव्हा लेबलावर वाळूचे कण चिकटलेले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"वाळू, सर. माठाखालची." तिने लेबल अंगठ्याने पुसलं. "पुस्तकातली खोली तिकडची हाय. आमच्या खोलीत वाइन तापती. म्हणून गार केली, फ्रिजइतकी न्हाई, पाण्याइतकी."

परीक्षकांनी बाटलीला हात लावला. मग ओतायची खूण केली. करिश्माने बूच काढलं, घोटभर ओतलं, बाटली फिरवून थेंब आवरला. ते वास घेत राहिले, मग प्यायले. व्हरांड्यात ग्यानोबांच्या हातात अजून ओलं फडकं होतं.

"तुमच्या घरच्या जेवणात ही कशासोबत द्याल?"

"मटणाच्या रश्शासोबत, सर, रस्सा लई जळजळीत नसंल तर. न्हाई तर भरल्या वांग्यासोबत. शेंगदाण्याच्या कुटाला ही सोसती. ठेच्यासोबत देणार न्हाई. टॅनिन आणि मिरची एका ताटात आली की तिखट अजून चढतं. ठेच्याला बोजोले, थोडी गार करून."

"वांगं खाऊन बघितलंत यासोबत?"

"न्हाई, सर."

"माझ्या डब्यात हाय," दारातून ग्यानोबा म्हणाले. सगळे वळले. त्यांनी डबा उघडून पुढे केला. परीक्षकांनी जरा विचार करून भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला, खाल्ला आणि वर एक घोट घेतला. मग गुणांचा कागद पुढे ओढण्याआधी त्यांनी आणखी एक तुकडा मोडला.

करिश्मा पास झाली. पावसाळा संपता संपता ती बोटीवर रुजू झाली. तिथून फोन करून ती आत्याला सांगायची की सिराला खरंच मिऱ्याचा वास येतो, की मस्कादेचं लिंबू बरोबर निघालं, पण बोजोलेमध्ये तिला जांभूळ कमी आणि आलुबुखारा जास्त लागतो. आत्या ते ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्ती करायची. त्या बाटलीचं बूच तिच्या मसाल्याच्या कपाटात, मिऱ्याच्या डब्याशेजारी राहिलं. सकाळचा घोट मात्र निवृत्तीनंतरही सुटला नाही.

गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका पहाटे, आत्या झोपेतच गेली. आजारपण नाही, तगमग नाही. आदल्या संध्याकाळी सुट्टीवर आलेली करिश्मा वडिलांना घेऊन भेटायला आली होती. ग्यानोबांनी कुणाचं न ऐकता स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मॅडमना आज माझ्या हातचा चहा, म्हणाले. ओट्यापाशी उभे राहून ते लेकीच्या बोटीबद्दल सांगत सुटले, जणू तेच चालवतात, आणि पातेल्यात पत्ती उकळत राहिली. खुर्चीत बसलेल्या आत्याला वास आला. ती हसली आणि मला आठवतं ते तिचं शेवटचं वाक्य बोलली.

"भाऊ, गाळा आता. जीभ आवळंल."