बाराव्या विहिरीवरचा उंबर

झाडाच्या डीएनएत काही तुकडे असे असतात, की त्यांची लांबी झाडागणिक बदलते. त्यावरून कुठलं झाड कुणाच्या गोतातलं ते सांगता येतं. उंबराचे असे तुकडे हुडकण्यात माझी चार वर्षं गेली. नमुने सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातले, ओढ्याकाठचे. तुलनेसाठी पेडगावच्या बारा विहिरींवरच्या उंबरांची पानंही मी परभणीच्या प्रयोगशाळेत आणली. आपलंच गाव, तिथं काय चुकणार, ही माझी घमेंड.

जंगलातली झाडं एकमेकांहून वेगळी निघाली. गावातली अकरा मात्र हुबेहूब सारखी, आणि एकच निराळं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एकाच झाडाची पानं अकरा पाकिटांत भरलीस का? मग जंगलातल्या नमुन्यांवर तरी विश्वास कसा ठेवू?" प्रबंधच टांगणीला लागला. मी रागारागानं सगळं पुन्हा दोनदा केलं. तेच आलं.

शेवटी गावी जाऊन वडिलांना विचारलं. ते हसायलाच लागले. "अगं माय, लग्नाच्या मेढीला समदे मारुतीमागच्या उंबराचीच फांदी नेतेत. लग्न झालं की ती विहिरीवर लावायची. जगली की झालं झाड."

मला लाज वाटली. मांडवाच्या दारात उंबराची मेढ रोवतात, हे लहानपणापासून बघत आलेय. फांदीपासून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडच, हे तर मी विद्यार्थ्यांना शिकवते. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पण त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

"मग दादा, आपल्या विहिरीवरचा उंबर निराळा कसा? ती तर माझ्या लग्नाची मेढ."

वडिलांनी आत स्वयंपाकघराकडं बघून आवाज खाली केला. "ती वाळली होती, माय. महिन्याभरातच. गंगाखेडहून रोप आणून लावलं. तुझ्या आईला बी ठाव न्हाई."

मेढ वाळणं आमच्याकडं अपशकुन मानतात. दोन वर्षांत मी सासर सोडून आले, तेव्हा गावानं नाही नाही ते बोलून घेतलं. मेढीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. विहिरीवर उंबर हिरवागार उभा होता. त्या दिवसांत वडील माझ्याशी सासर सुटल्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांना माझं काहीच वाटत नाही, असं समजून मी कितीतरी वर्षं त्यांच्यावर राग धरला होता.

अकरा झाडांचं कारण मी बाईंना लिहून दिलं. त्यांना ते पटलं. बाराव्या झाडापुढं मी 'झाड कुठून आलं ते माहीत नाही' असं लिहिलं. अख्ख्या प्रबंधात मी जाणूनबुजून लिहिलेलं तेवढं एकच खोटं आहे.