बॉनेटवरची करंगळी

महिपतला कोणी गाडी धुणारा म्हटलं की तो भडकायचा. "धुवाचं काम पावसाचं, मी गाडी चमकवतो," म्हणायचा. आदिलाबादकडच्या आमच्या बोथ गावात गाड्या मोजक्याच, त्यामुळे सगळ्या त्याच्याच हाताखालून जायच्या. तरुणपणी त्याने निर्मल गावी लाकडी खेळण्यांवर रोगण चढवलं होतं. ते सोडून गाड्यांकडे का वळला, हे त्याने कधी धड सांगितलं नाही. उन्हात मेण लावायला सांगणाऱ्याला तो सरळ हाकलून द्यायचा. सावली हवी, भरपूर पाणी हवं, जुन्या धोतराचं मऊ फडकं हवं. चिमूटभर मेण घेऊन लहान लहान वर्तुळं काढायची आणि ते सुकून धुरकट झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं. शेवटी उलट्या हाताने पत्रा चाचपायचा. त्याचा हा ताठा मला आवडायचा, खोटं कशाला बोलू?

शहाऐंशीच्या दसऱ्याला किराणा दुकानवाल्या यशवंतरावांनी आपल्या हिरव्या अँबॅसडरची पूजा केली. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने, बयनाने, बॉनेटवर हळदीचा हात उमटवला. पोरीने हळद पाण्याऐवजी जवसाच्या तेलात कालवली होती, त्यावर घरदार हसलं. दिवाळीच्या आत बयना तापाने गेली. तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेताना हीच गाडी वाटेत बंद पडली होती. यशवंतरावांनी ती अंगणात आणून उभी केली ती केलीच. आणि बयनाच्या आईने, कौशल्याबाईंनी, तो हात कोणाला पुसू दिला नाही.

वर्षाने यशवंतरावांनी बायकोचं न ऐकता तो हात काढायला महिपतला बोलावलं. हळद उडून तेलाचा चिवट थर तेवढा उरला होता. महिपतने तो काढला तरी हात तिथेच. उन्हाने सगळं बॉनेट विटलं होतं आणि तेलाखालचा तेवढाच रंग नवा, गर्द हिरवा राहिला होता.

महिपतने मेण लावलं, विटकेपण झाकलं गेलं, हात दिसेनासा झाला. महिन्याभरात मेण उतरलं आणि पाचही बोटं वर आली. पुन्हा मेण, पुन्हा हात. पोर हात धरायला येते, असं लोक बोलू लागले; लोकांच्या जिभेला काय हाड असतं! महिपतला खरं कारण ठाऊक होतं. तरी मला म्हणाला, "फडकं ठेवलं का वाटते, खालून कोनी धरून राह्यलं." पुढे पुढे तो काम सुरू करण्याआधी बॉनेटवर हळूच टकटक करून पुटपुटायचा, "बयना, हात काढ माय."

शेवटी यशवंतराव टेकीस आले. "महिपत, गाडी विकून टाकतो. निर्मलचं गिऱ्हाईक उद्या येते. मेण नको, रबिंग करून काढ. पुन्हा दिसला नाई पाह्यजे."

रबिंगच्या खरखरीत लेपाने भोवतालचा विटका थर निघाला असता, सगळं बॉनेट एका रंगाचं झालं असतं आणि हात कायमचा गेला असता.

कौशल्याबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, नुसतं मेनच लावा ना. कोनाच्या का अंगनात होईना, दिसंल तरी ती."

महिपतचा हात थांबला.

"काऊन थांबला? घास!" यशवंतराव ओरडले.

त्याने मनगटाकडून सुरुवात केली. तळवा गेला, अंगठा गेला, मग एकेक बोट. कौशल्याबाई दारातच खाली बसल्या. करंगळी उरली तेव्हा यशवंतरावांनी झटकन पुढे होऊन तिच्यावर आपलं बोट टेकवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "गाडी बंद पडली तवा माझं बोट घट्ट धरून होती. मीच सोडवलं, बॉनेट उघडाले. परत येऊन पाह्यलं तं…"

गाडी विकली गेली नाही. त्यानंतर दर दसऱ्याला महिपत ती चमकवायचा आणि त्या करंगळीभोवतीचा विटका तुकडा तसाच सोडायचा. फडकं चुकून तिथे जाऊ नये म्हणून यशवंतराव तिच्यावर बोट ठेवून उभे राहायचे.

पंच्याण्णवच्या दसऱ्याला मीही तिथे होतो. महिपतने फडकी पिळून दोरीवर टाकली आणि म्हणाला, "झालं यशवंतराव, काढा आता हात."

"एकडाव सोडवला ना बाबा," यशवंतराव म्हणाले. "तू जाय घरी."