लेकीच्या गळ्याची राखण

लेक दोन वर्षांची होती तेव्हा आम्ही कीव्हमध्ये राहत होतो. माझे यजमान तिथे मातीवर संशोधन करत होते. चेर्नोबिलला अणुभट्टीचा स्फोट झाला, पण ते आम्हाला कळायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी रोज दुकानातून दूध आणलं आणि पोरीला पोटभर पाजलं. मग बातमी फुटली, आणि मिळेल त्या विमानानं आम्ही अकोल्याला परतलो.

अकोल्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तिला तपासलं. ते म्हणाले, "आज पोर ठणठणीत आहे. पण किरणोत्सारी आयोडीन दुधातून पोटात जातं आणि गळ्यातल्या थायरॉईडमध्ये जाऊन बसतं. लहान मुलांना धोका जास्त. काही झालंच तर वर्षानुवर्षांनी होईल, कदाचित कधीच होणार नाही. घाबरू नका, पण दरवर्षी मान तपासून घ्या."

पुढे आम्ही अमरावतीला स्थायिक झालो, पण मी तपासणी एक वर्ष चुकवली नाही. दहावीत असताना ती चिडली. "आई, मला काही झालेलं नाही. तू मला आजारी करून सोडशील!" मी ऐकून घेतलं आणि तिला रिक्षात बसवलं. दूध मीच पाजलं होतं. ते बोलून दाखवायची मला हिंमत नव्हती.

तिचं लग्न ठरायच्या वेळी नातेवाइकांनी मला बजावलं, हे कुठं बोलू नकोस. मला ते पटेना. शेंदूरजनाघाटची संत्र्याच्या बागा असलेली माणसं मुलगी बघायला आली, तेव्हा मुलाच्या आईला मी स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"आता पोरगी धडधाकट हाय ना?"

"हो."

"मंग कावून घाबरून राहिल्या तुमी? उद्याचं कोनाले ठाव? तपासनी आमी करत जाऊ."

आणि त्यांनी केली. दर दिवाळीआधी विहीणबाई स्वतः सुनेला घेऊन अमरावतीला यायच्या, डॉक्टरांकडे जाऊन मगच माझ्याकडे जेवायला.

ती चौतीस वर्षांची असताना सोनोग्राफीत हरभऱ्याएवढी गाठ दिसली. हाताला लागत नव्हती, दुखत नव्हती. सुईनं काढलेल्या नमुन्यात कर्करोग निघाला. मी सर्जनना विचारलं, "हे त्या दुधामुळेच ना?" ते म्हणाले, "तसं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण एवढ्या लवकर सापडली ती तुम्ही शोधत राहिलात म्हणून."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटी लेकीपाशी त्या दुधाबद्दल बोलले. ती म्हणाली, "भुकेल्या पोरीला तू दूध दिलंस, आई. आणि नंतर बत्तीस वर्षं माझ्या शिव्या खाऊन मला तपासायला नेलंस. यातलं नेमकं कशाचं वाईट वाटून घेतेस?" मी रडले. खूप वर्षांनी मोकळं वाटलं.

थायरॉईड काढला. उरलेल्या पेशी मारायला तिला किरणोत्सारी आयोडीनच प्यायला दिलं. काही दिवस ती हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत एकटी होती, आम्हाला आत मनाई. फोनवर हसली, "त्याच आयोडीनला कामाला लावलंय बघ."

पण ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राची नस दुखावून तिचा आवाज बसला होता. नोकरीमुळे ती नांदगाव खंडेश्वरला राहते, तिथल्या शाळेत गणित शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ तयार करते. तिची हाक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. ऑपरेशननंतर मात्र कुजबुजल्यासारखं बोलायची. चार महिने रोज गळ्याचे व्यायाम केले, वर्गात फळ्यावर लिहूनच शिकवलं, शिट्टीवर संघ खेळवला. एकदाही रजा वाढवून मागितली नाही. पुढे आवाज हळूहळू परत आला, पण तिची ती मैदानभर जाणारी हाक मी पुन्हा ऐकली नव्हती.

ऑपरेशनला यंदा पाच वर्षं झाली. तपासणीत काहीही सापडलं नाही. डॉक्टरांनी फाईल बंद केली आणि ते म्हणाले, "रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, वर्षातून एकदा रक्त. बाकी खुशाल पळा."

त्याच आठवड्यात तिच्या मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. विहीणबाई आणि मी पहिल्या रांगेत बसलो. शेवटची दोन मिनिटं, आणखी एक गडी बाद केला की सामना आमचा. लेक रेषेबाहेर उभी होती. "धाव! खांबाकडून वळ!" असं ती ओरडली आणि ढोल वाजत असूनही पलीकडच्या टोकाला पाठलाग करणाऱ्या मुलीनं ते ऐकलं, ती वळली, आणि झेप घेऊन गडी टिपला. प्रेक्षकांच्या मंडपात एकच कल्ला झाला.

विहीणबाईंनी माझा हात गच्च धरला. "आयकलं काय, इहीनबाई? सारं मैदान हालवलं माह्या सुनेनं!"

"माझ्या लेकीनं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी उठून टाळ्या पिटत राहिलो.