रिजेक्टकाकांचा नोकर

रिजेक्टकाकांना एखादी गोष्ट आवडली नाही, की ते दोन बोटांनी स्वतःचं नाक दाबून धरायचे आणि ती गोष्ट समोरून हलेपर्यंत सोडायचे नाहीत. मग ते वेल्डिंग असो, कँटीनमधली बिर्याणी असो, की मोठ्या साहेबांचं भाषण असो. भाषणाच्या वेळी तर ते मुद्दाम पहिल्या रांगेत बसायचे.

ते मूळचे जावा बेटावरचे. कुवेतमध्ये फहाहीलजवळच्या आमच्या प्लांटवर वेल्डिंग इन्स्पेक्टर होते आणि मी तिथेच पाइपिंगला. त्यांचे देशबांधव त्यांना आदराने ‘पाक’ म्हणत, आम्ही भारतीयांनी पाठीमागे रिजेक्टकाका केलं होतं. जोडाच्या एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर धरायची, डोळे बारीक करायचे आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, ही त्यांची नोकरी. आमचा एखादा कॉन्ट्रॅक्टर लाडीगोडीने म्हणायचा, “पाक, इतना तो चलता है ना?” काका नाकावरचा हात न काढता सांगायचे, “चलता है तो चलने दो. मेरे यहाँ नहीं चलेगा.”

एका दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळ घेऊन गेले. चकली मऊ पडलीय म्हणून त्यांनी ती परत केली, चिवडा ठेवून घेतला आणि माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखी पलंगाखालची लाकडी पेटी ओढली. आत रेड्याच्या कातड्याच्या बाहुल्या होत्या. जाळीसारख्या कोरलेल्या, रंगवलेल्या, शिंगाच्या काड्यांवर उभ्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून त्यांच्या सावल्यांचा खेळ करायचा, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात उद्योग. मी पाहते तो काय, पाच भाऊ आणि शंभर भाऊ यांचं आपलं तेच भांडण! माझ्या तोंडून निघालंच, “अय्या, हे तर आमचे!”

काकांची बोटं नाकावर गेली. “प्रत्येक इंडियन हेच म्हणतो,” ते म्हणाले. “पाहुणा हजार वर्षांपूर्वी आमच्याकडे आला, इथलाच झाला, त्याची नातवंडं मशिदीत जातात. आणि तुम्ही आता दारात उभे राहून म्हणता, आमचा माणूस परत द्या.”

एक बाहुली मात्र आपल्या कथेत कुठेच नाही. पोट सुटलेला, चपट्या नाकाचा, एकच दात उरलेला म्हातारा नोकर. तो मूळचा स्वर्गातला, पण पृथ्वीवर आला तो पाच भावांच्या घरचा नोकर होऊन. राजेलोक तत्त्वज्ञान बोलतात आणि हा त्यांना खरं काय ते सांगतो. शिवाय खेळ ज्या गावात असेल त्या गावाची टिंगल करायचा हक्क याचा एकट्याचा. काका नमाज पढायचे, मग पेटी उघडायचे. बिस्मिल्ला म्हणायचे आणि या म्हाताऱ्यापुढे एक कप काळी कॉफी नि चार फुलं ठेवायचे. मी विचारलं, “ही पूजा का?” तर म्हणाले, “कामाला लावण्याआधी नोकराला चहा विचारत नाही तुम्ही?” आणि वर, “नसालच विचारत.”

त्यांची बायको मलेशियाची होती. सासूबाई तिथल्या नृत्यनाट्यात राजा व्हायच्या, कारण त्या खेळात राजाही बाईच बनते. पुढे तिथल्या सरकारने धर्माच्या नावाने तो खेळ बंद केला आणि बऱ्याच वर्षांनी ‘स्वच्छ’ करून परत दिला. सुरुवातीचं आत्म्यांना केलेलं आवाहन वगळायचं आणि बायकांनी रंगमंचावर यायचं नाही. काका सांगायचे, “सासूने मुकुट तांदळाच्या डब्यात ठेवला. म्हणाली, मासा काढून घेतलेलं कालवण मला नको.” बायको वारली होती. जावातला मुलगा नवा कडक धार्मिक झाला होता. ती पेटी माझ्या घरात आणायची नाही, असं त्याने बापाला फोनवर सांगून टाकलं होतं. हे सांगताना काकांनी नाक धरलं नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

म्हणून त्यांचा सगळा जीव सारीवर होता. सारी म्हणजे खैतानमध्ये राहणारी जावाचीच एक नर्स. तिशीतली, बुटकी, हसरी. दर शुक्रवारी ती काकांकडे खेळ शिकायची. बाईने पडद्यामागे बसावं का, यावर त्यांच्या मंडळींत कुजबुज होती. पण त्यांच्यातले वडीलधारे हाजीसाहेब गप्प होते, म्हणून तिचा नवराही गप्प होता. तिने त्या म्हाताऱ्या नोकराचा घोगरा आवाज काढला, की काका मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा हळूच म्हणाले, “अ‍ॅक्सेप्ट.” हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या एकाच वेळी ऐकला. तिचा एक तरी खेळ लोकांसमोर व्हावा, मग पेटी तिची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि इथे आमचं मंडळ आलं. रुमैथियातल्या एका सदस्याच्या तळघरात आमचा गणपती बसतो. सेक्रेटरींना काकांचा खेळ हवा होता, ‘सांस्कृतिक आदानप्रदान’ म्हणून. वेळ किती? तर वीस मिनिटं, कारण नंतर फ्यूजन डान्स आणि पावभाजी. रात्रभराचा खेळ वीस मिनिटांत! काका नाक धरून तळघरात उभे होते. तेवढ्यात त्यांना मखराला बांधलेले केळीचे खांब दिसले, वाफ्र्याच्या शेतातून आणलेले. त्यांच्या बाहुल्या केळीच्या खांबातच खोचून उभ्या करतात. कुवेतमध्ये इतकी वर्षं ते थर्माकोलवर भागवत होते. त्यांनी खांबावरून हात फिरवला, नखाने सालीचा ओलावा पाहिला आणि नाक सोडलं. “एक खांब मला आडवा टाकून द्या,” म्हणाले. “सारी करेल.”

खेळाची संध्याकाळ आली. काका वरच्या खोलीत मगरिबची नमाज पढत होते, सारी पडदा ताणत होती. पेटी उघडी होती आणि म्हाताऱ्यापुढे कॉफी ठेवलेली होती. ते सेक्रेटरींनी पाहिलं. झालं! “अहो, हा तर आपलाच देव! सातासमुद्रापार टिकून राहिलाय!” त्यांनी म्हाताऱ्याला उचलून मखरात गणपतीशेजारी उभं केलं, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि त्या जुन्या सोनेरी कपाळावर ओलं कुंकू चोपडलं. मी “अहो, थांबा” म्हणेपर्यंत टाळ सुरू झाले होते. पन्नासेक मोबाइल वर. आरतीनंतर सेक्रेटरींचं भाषण. “बघा, आपला मुस्लिम बांधव आपल्याच देवाला पुजतो! शेवटी रक्त आपलंच ना!” टाळ्या. दुसऱ्याच्या घरातला माणूस उचलून आपल्या घरचं आडनाव त्याला लावायचं आणि वर त्याच्याकडूनच आभाराची अपेक्षा करायची, ही आमची सहिष्णुता. शी!

काका जिन्यावर उभे होते. खाली आले, हार काढून बाजूला ठेवला आणि डोक्यावरच्या टोपीने म्हाताऱ्याचं कपाळ पुसलं. कुंकू आणखीच आत मुरलं. त्यांनी पेटीचं झाकण धरलं तेव्हा सारी म्हणाली, “पाक, मला करू दे.”

तिने ती वीस मिनिटं केली. इंग्रजीत केली, सगळ्यांना कळावं म्हणून. तिचा म्हातारा पोट खाजवत पडद्यावर आला आणि म्हणाला, “मी मागच्या दाराने जेवायला आलो होतो. या घरच्यांनी मला देव केलं. आता सगळे माझ्या पाया पडतात आणि जेवायला कुणीच देत नाही.” हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने सेक्रेटरी हसले. मग पावभाजी झाली.

आरतीचा व्हिडिओ दोन दिवसांत सारीच्या नवऱ्याच्या फोनवर पोचला. त्यांच्या लोकांत एकच गहजब. इतकी वर्षं गप्प राहिलेल्या हाजीसाहेबांना बोलावंच लागलं. ते काकांकडे आले तेव्हा मी तिथेच होते. ते दुष्ट नव्हते, खरोखर कळवळून बोलत होते. “हात जोडून सांगतो, ती एक बाहुली जाळून टाका. बाकीच्या राहू द्या, सारीही येत राहील.”

“म्हणजे हेही मासाच काढून घ्यायला आले,” ते गेल्यावर काका मला म्हणाले. “तुमचे लोक याला देव म्हणतात, माझे लोक मूर्ती म्हणतात. अरे, तो नोकर आहे! एवढी साधी गोष्ट कुणाला कशी कळत नाही?” त्यांनी म्हातारा जाळला नाही. सारीचे शुक्रवार बंद झाले.

त्या हिवाळ्यात त्यांचा व्हिसा संपला. जाण्याच्या आदल्या दिवशी ते पेटी घेऊन आमच्या फ्लॅटवर आले. “ही सारीची आहे. तिच्या घरात चालत नाही, माझ्या मुलाच्या घरात चालत नाही. तुझ्याकडे राहू दे.” मग त्यांनी आमच्या देवघराकडे पाहिलं आणि सावकाश नाक धरलं. “पण याला तिथे नाही ठेवायचं. नोकर आहे. स्वयंपाकघरात.” दारात मी वाकून नमस्कार करायला गेले, तर ते झटकन मागे सरले.

म्हातारा आता आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या भिंतीला टेकून असतो. कपाळावर तो लाल डाग आहे. सारी मधूनमधून सुट्टीच्या दिवशी येते. माझ्याकडे जाते असं नवऱ्याला सांगून येते, आणि तो पुढे काही विचारत नाही. मी पोळ्या लाटते, ती त्याच्यापुढे कॉफी ठेवते आणि तो घोगरा आवाज काढते.

परवा ती आलेली असतानाच सेक्रेटरी वर्गणीला म्हणून टपकले. पाणी प्यायला आत आले आणि म्हाताऱ्याला पाहून चपला काढायला वाकले. “अहो वहिनी, यांना इथे फ्रिजशेजारी काय ठेवलंत? देवघरात हवेत हे!”

सारीने माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात कणकेचे होते, तरी मी नाक धरलं आणि ते जिना उतरेपर्यंत सोडलं नाही.